उत्खननाच्या बातमीत ‘कसं कळलं’ तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या सांगाड्यांच्या बातम्या हल्ली पेपरात बऱ्याच येतात आणि मी त्या आवर्जून वाचतो, पण बहुतेक वेळा सगळा भर हे लोक कुठून आले आणि कोणाचे पूर्वज यावरच, आणि हे कळलं कशावरून ते एका ओळीत उरकलेलं. खरं तर तोच भाग सगळ्यात भारी असतो.

दातांचंच घ्या ना. पक्क्या दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, लहानपणी तयार होतं आणि नंतर शरीर ते बदलत नाही. खडकातलं स्ट्रॉन्शियम (एक मूलद्रव्य, ज्याच्या हलक्या-जड प्रकारांचं प्रमाण जागेगणिक वेगळं असतं) मातीत, पाण्यात, पिकात आणि तिथून लेकराच्या दातात उतरतं, त्यामुळे म्हातारपणी कुठेतरी लांब मेलेल्या माणसाच्या दाढेतही तो लहानाचा मोठा झाला त्या जमिनीची खूण राहते. हाडं मात्र हळूहळू नवी होत राहतात, म्हणून त्यांच्यातून नंतरच्या वर्षांतलं खाणं कळतं, कार्बनवरून गहू-तांदूळ की ज्वारी-बाजरी-मका आणि नायट्रोजनवरून मांस-मासे साधारण किती. अंगावर पिणाऱ्या बाळात जड नायट्रोजनचं (नायट्रोजनच्याच जरा वजनदार प्रकाराचं) प्रमाण आईपेक्षा जास्त असतं आणि दूध तोडलं की ते उतरत जातं, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या एखाद्या बाळाचं दूध साधारण कधी तुटलं हेसुद्धा दातावरून सांगता येतं! एवढं जवळून कुठल्या राजाबद्दलही आपल्याला माहीत नसतं.

पण हेच पुरावे घसरतातही. डेन्मार्कमध्ये १९२१ साली सापडलेली एग्टवेडची मुलगी सुमारे ३४०० वर्षांपूर्वीची. ती बाहेरून, बहुधा जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टकडून आली असावी असं संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलं. मग २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की शेतात टाकलेल्या चुन्यामुळे तिथल्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियमच बदललंय, म्हणजे तिचा दात ज्या आकड्यांशी ताडून बघितला तेच आकडे बिघडलेले, आणि ती तिथलीच असू शकते. पहिली बातमी वाचलेल्या किती जणांपर्यंत ही दुसरी पोचली असेल?

आपल्याकडे हरियाणातल्या राखीगढीचं, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या जुन्या शहराचं, तेच. २०१९ मध्ये जो डीएनए प्रसिद्ध झाला तो साठेक नमुने तपासून एकाच बाईचा मिळाला होता, फार मोलाचा आहे तो, पण त्या एकीवरून लोक अख्ख्या संस्कृतीबद्दल भांडत बसले.

म्हणून विनंती एवढीच की किती माणसांचे नमुने होते, दात होता की हाड, तुलना कशाशी केली हे बातमीत येऊ द्या, आणि निष्कर्ष पुढे बदलला तर तेही पहिल्याइतक्याच ठळकपणे छापा. अजून एक, या तपासणीसाठी दात किंवा हाड थोडं तरी कापावं-खरवडावं लागतं आणि तेवढा भाग कायमचा जातो, तेव्हा पुढच्या संशोधकांसाठी किती शिल्लक ठेवलंय हा प्रश्नही तुमच्या वार्ताहरांनी नक्की विचारावा.

आपला,
एक नियमित वाचक