बंड्याला पत्र: सरांना मैदानावर ने

शिकागो

प्रिय बंड्या,

आम्ही सगळे बरे, माझी बीपीची गोळी चालू आहे. तुझा गुडघा कसा आहे? लेकीला नोकरी लागली म्हणे, पेढे उधार.

परवा धाकट्याने फोनवर सांगितलं, आपले शाळेतले खेळाचे सर आता घराबाहेर पडत नाहीत. निवृत्तीनंतरही रोज संध्याकाळी मैदानावर असायचे; "आता आराम करा" म्हणून त्यांना तेही बंद करायला लावलं. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. इथे कुणाला सांगू?

इथल्या विद्यापीठाचं ग्रंथालय आहे ना, तिथे पूर्वी स्टॅग फील्ड होतं. त्याच्या स्टँडखाली १९४२ मध्ये अणू फोडण्याची पहिली मानवनिर्मित साखळी प्रक्रिया झाली, म्हणून लोक ती जागा बघायला येतात. मला मात्र ज्याच्या नावाचं मैदान, तो अमोस अलोंझो स्टॅगच मोठा वाटतो. १८९२ पासून चाळीस वर्षं त्याने इथे फुटबॉल शिकवला (अमेरिकन, हातात चेंडू घेऊन पळायचा तो). शिवाय बेसबॉल, धावणं-उड्या, एक हंगाम बास्केटबॉलसुद्धा. बास्केटबॉलचे जनक नेस्मिथ त्याचे स्प्रिंगफील्डच्या प्रशिक्षण शाळेतले सहकारी. तिथे मार्च १८९२ मधल्या पहिल्या जाहीर सामन्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५-१ हरवलं, आणि शिक्षकांची ती एकुलती एक बास्केट स्टॅगची!

तू अजून म्हणतोस ना, सरांनी खो-खो, कबड्डी, लांब उडी सगळंच शिकवलं म्हणून आपण कशातच पुढे गेलो नाही? मग ऐक. आज ज्याला बिग टेन म्हणतात त्या विद्यापीठांच्या गटात स्टॅगच्या फुटबॉल संघाची सात अजिंक्यपदं आहेत, आणि १९२४ च्या ऑलिंपिकला अमेरिकन धावपटूंच्या प्रशिक्षकांतही तो होता. आंतरशालेय फायनलला तुझी पकड सुटली ती घामट हातांमुळे, सरांमुळे नव्हे. हे मी मरेपर्यंत म्हणणार.

पण खरी गोष्ट पुढची. सत्तरी आली तशी विद्यापीठाने नियम दाखवून त्याला निवृत्त केलं. तो थेट कॅलिफोर्नियात गेला, स्टॉक्टनच्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये. १९४३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, देशातला वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक! तिथलं संपल्यावर पेनसिल्व्हेनियात मुलाबरोबर संघ सांभाळला, मग पुन्हा स्टॉक्टनला येऊन ज्युनियर कॉलेजच्या पोरांना किक मारायला शिकवलं, ते ९८ व्या वर्षापर्यंत. १०२ वर्षं जगला. बायको स्टेला त्याच्यासाठी डावांच्या आकृत्या काढायची. वाचताना सरांच्या घरच्या काकू आठवल्या, पायरीवर बसून गुण मांडणाऱ्या.

आपले सर तर अजून ऐंशीचेही नाहीत, बंड्या! त्यांना असं घरात बसू द्यायचं?

तू गावात आहेस, या शनिवारीच जा. तब्येत विचारू नकोस, चिडतात. "सर, पोरांना खो-खोतली एकेरी साखळी जमत नाही, जरा दाखवता का?" एवढंच म्हण आणि स्कूटरवर बसव. शाळेचं मैदान नाही मिळालं तर देवळामागचं आहेच. काय म्हणाले ते लगेच कळव, इथे रात्र असली तरी फोन कर.

तुझा,
बाळ्या