पाचपैकी तारे मला देता येत नाहीत

कुडाळ

चि. मैथिली,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत असतेस. सिनेमाचं विचारलंस की मी "बरा होता" म्हणून मोकळी होते, आणि मग तुझं सुरू होतं, "आई, बरा म्हणजे पाचपैकी किती?" तारेबिरे मला जमत नाहीत गं. जन्मभर कोर्टात लोक बोलले ते लिहून घेतलं, निकाल द्यायचं काम दुसऱ्याचं होतं. पण निवृत्त झाल्यापासून संध्याकाळ रिकामी असते आणि तू टीव्हीला काय काय जोडून दिलंयस, त्यामुळे नोकरीच्या सगळ्या काळात पाहिले नसतील इतके चित्रपट हल्ली पाहून होतात. त्यांच्याबद्दल नीट लिहायचं ठरवलंय. चहा घेऊन बस.

आधी 'दशावतार', कारण त्यावरून आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तू बंगळुरात पाहिलास आणि "सेकंड हाफ ताणलाय" एवढंच कळवलंस. आम्ही इथून गाडी करून गेलो होतो, कांचनमावशी आणि तिची सगळी फौज. 2025 च्या सप्टेंबरात आला तो. जत्रा सुरू व्हायला अजून अवकाश होता, त्यामुळे प्रेक्षकांत दशावतारी कंपन्यांतली माणसंही होती. त्यांच्याकडे पाहू की पडद्याकडे, असं मला झालं. पूर्वार्ध मला फार आवडला. म्हातारा बाबुली मेस्त्री, नजर अधू होत चाललेली, मुलगा म्हणतो आता पुरे, आणि याचा पाय काही घरात ठरत नाही. दिलीप प्रभावळकर वयाच्या ऐंशीनंतर हे करतात! त्यांना आम्ही चिमणराव म्हणून पाहिलंय, त्यामुळे त्यांचं कौतुक करताना माझा तोल जातो हे धरून चाल.

तुला लहानपणी जत्रेत नेलं की तू संकासुर येईपर्यंत झोपलेली असायचीस, म्हणून सांगते. आपल्या दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, राजा कोण नि राक्षस कोण ते ठरतं, आणि बोलणं उभ्याउभ्या सुचेल तसं. पेटी, पखवाज, झांज एवढ्यावर रात्र निघते. ज्याचा रंग त्यानेच लावायचा. बायकांची कामंही पुरुषच करणार. आणि पहाट झाली की पेटारे उचलून पुढच्या गावाला. "रात्री राजा नि सकाळी बोजा" असं तुझे आजोबा म्हणायचे ते त्यावरूनच. एखादा नट बोलता बोलता अडला तर पेटीवाला सूर धरून ठेवतो आणि त्याला सावरायला वेळ देतो. त्या कलेवरच्या चित्रपटात उत्तरार्धात इतका दणदणाट, की कोणाला अडायला जागाच उरली नाही. तू ताणलाय म्हणतेस, मी म्हणते ओरडलाय. शिवाय गोष्टीतले खाणवाले एकदा राक्षस ठरले की गोष्ट सोपी होऊन जाते. खाणीचा विषय खोटा नाही. 2021 च्या पावसात कळणे गावात खाणीचा बांध फुटून पाणी कसं शिरलं ते तुलाही आठवत असेल. पण इथे एकाच घरात मोठा मुलगा खाणीवर कामाला आणि आई विहीर गढूळ झाली म्हणून ग्रामपंचायतीत ओरडायला, असंही असतं. ते घर मला त्या चित्रपटात हवं होतं.

'तुंबाड' तू 2018 सालीच पाहून आली होतीस आणि तेव्हा मी "भुताखेताचं कशाला" म्हणून टाळलं होतं. 2024 मध्ये तो परत थिएटरांत लागला तेव्हा म्हणे पहिल्यापेक्षा जास्त चालला. मी घरी पाहिला, दिवा लावून. कोकणातल्या वाड्यात सगळे हिंदीत बोलतात हे शेवटपर्यंत कानाला लागत राहिलं. नाव पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' कादंबरीवरून घेतलंय, पण त्या आशेने बसलेल्याला खोत काही भेटत नाहीत. पाऊस मात्र खरा. कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल धरलेली, हे कोणी स्टुडिओत बसून सुचवलेलं नाही. त्यातल्या सोनं राखणाऱ्या हस्तर राक्षसाची मला फारशी भीती वाटली नाही. भीती वाटली ती नायक विनायक आपल्या पोराला ते सोनं काढायच्या धंद्यात घेतो तेव्हा. पोरगं इतकं उत्साहाने शिकतं, बापाला खूश करायला इतकं धडपडतं, आणि बापाच्या एक पाऊल पुढे जाऊन हाव धरतं. रात्री पाणी प्यायला उठले तर तेच डोक्यात.

'वाळवी'वर फार लिहीत नाही. तो परेश मोकाशींचा, 2023 चा, बायकोचा काटा काढायला निघालेल्या नवऱ्याचा. हसले भरपूर. अनिता दातेने धमाल केलीय, आणि शेवट काय तो मी कांचनमावशीला सांगितला नाही म्हणून ती दोन दिवस रुसली होती. एवढंच म्हणेन, की खुनाचे खटले मी टाइप केलेत आणि त्यांत इतकी आखणी कधी दिसली नाही. आमच्या फायलींमध्ये बांधावरून बाचाबाची, हाताशी कोयता, आणि मग सगळं आयुष्य "मला काही आठवत नाही". तुमचे रहस्यपट पाहताना मला त्या आरोपींच्या हुशारीचंच नवल वाटतं.

आता 'साबर बोंडं'. हा पाहताना कांचनमावशी मधेच डोकावली आणि "गो बाय, ह्या काय बघतंस?" म्हणून देवळात निघून गेली. रोहन कानवडेचा हा चित्रपट सनडान्स महोत्सवात 2025 ला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला, हे तिला सांगून काही उपयोग नव्हता. वडील गेले म्हणून मुंबईचा आनंद गावी येतो, सुतकाचे दहा दिवस काढतो, आणि बालपणीचा मित्र बाळ्या त्याला परत भेटतो. बस. पार्श्वसंगीत नाही. कोंबड्या, शेळ्या, भांडी आणि नातेवाइकांचं "लग्नाचं काय ठरवलंस?" एवढंच ऐकू येतं. मध्ये मला एकदा डुलकी लागली, खोटं कशाला बोलू. जागी झाले तर ते दोघे अजून तिथेच बसलेले.

पण त्यातली आई! आपला मुलगा पुरुषावर प्रेम करतो हे तिला ठाऊक आहे. ती त्यावर भाषण देत नाही, रडून गोंधळ घालत नाही, छातीला कवटाळत नाही. मेलेल्या नवऱ्याचे दिवस करायचे, भाऊबंदांची तोंडं सांभाळायची आणि त्यातच पोराला त्यांच्या प्रश्नांतून अलगद सोडवायचं. हे सगळं ती करत असते आणि कॅमेरा लांब उभा राहून पाहतो. जयश्री जगताप या बाईंचं काम तू परत एकदा पाहा. हिंदीतल्या आया मुलाच्या मोठ्या बातमीनंतर हातातलं ताट पाडतात. मी काही इतकी वर्षं ताटं पाडलेली नाहीत, आणि बातम्या तर तूही कमी आणल्या नाहीस.

तू पाठवलेला जपानी चित्रपट, 'परफेक्ट डेज', मला आवडणार नाही असं तुला वाटलं होतं ना? आवडला. दिग्दर्शक जर्मन, विम वेंडर्स, आणि टोकियोतले सार्वजनिक संडास साफ करणारा हिरायामा. कोजी याकुशोला यासाठी 2023 साली कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं. मनुष्य अर्धा चित्रपट बोलतच नाही. पहाटे उठणं, अंथरूण घडी घालणं, रोपांना पाणी, गाडीत कॅसेट. भांड्याच्या कडेखालून छोटा आरसा धरून तो पाहतो, कुठे डाग राहिला का. ते पाहून मी उठून आपला मागचा संडास घासला, हसू नकोस.

तरी काहीतरी टोचत होतं आणि ते काय हे दुसऱ्याच आठवड्यात कळलं, मी 'कोर्ट' परत लावला तेव्हा. ते टोकियोचे संडास शिबुया भागातले, मोठमोठ्या वास्तुरचनाकारांनी बांधलेले सतरा नमुने. एकाच्या भिंती काचेच्या, आत कडी लावली की धुरकट होणाऱ्या. सुंदरच. पण त्या आख्ख्या चित्रपटात मला घाण म्हणून दिसली नाही. हिरायामा घासतो ते आधीच स्वच्छ असतं. आणि इकडे चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये गटारात उतरून मेलेल्या वासुदेव पवारची बायको, त्याने एका शाहिराच्या गाण्यामुळे जीव दिला म्हणून चाललेल्या खटल्यात, साक्ष द्यायला उभी राहते. त्याचा एक डोळा त्या वायूने गेलेला. उतरण्याआधी तो आत खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. वास सोसायला दारू प्यायचा. हे ती बाई जराही आवाज न चढवता सांगते. 2013 चा कायदा आहे यावर, माणसाला असं उतरवायला बंदी आहे, कागदावर सगळं चोख आहे. हिरायामा त्याच्या कामात सुखी आहे याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सुखी राहायला त्याला हातमोजे, गाडी आणि स्वच्छ भांडं आधी मिळालंय, एवढं वेंडर्सने मान्य करायला हवं होतं.

'कोर्ट' तू कॉलेजात असताना पाहिलास आणि "स्लो आहे पण ग्रेट" म्हणाली होतीस. मला तो मुळीच स्लो वाटत नाही. माझ्यासाठी तो ऑफिसचाच दिवस. साक्षीदार अडखळत चार वाक्यं बोलतो, न्यायाधीश त्याचं एक करून सांगतात आणि खाली बसलेला टंकत जातो. साक्ष प्रश्नोत्तरांत न लिहिता सलग निवेदनात उतरवायची, हीच रीत. माझी सगळी नोकरी त्यात गेली. उलटतपासात वकील काहीही सुचवो, माझ्या कागदावर "हे म्हणणे खरे नाही की" याने सुरू होणारं वाक्य उमटायचं. साक्षीदार म्हणालेला असायचा, "नाय हो साहेब, देवाशपथ." त्याचा आवाज कुठे लिहिणार? कागदाला तो चालत नाही. त्या चित्रपटात पहिल्यांदा मला दोन्ही एकदम दिसलं, माणूस बोलला ते आणि नोंदलं गेलं ते.

सरकारी वकील बाईंवरून मात्र आपलं जमणार नाही. तू तिला खलनायिका म्हणालीस. गीतांजली कुलकर्णीने केलेली ती नूतन लोकलने घरी जाते, शेजारणीशी साडीबिडीचं बोलते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते. आणि सहकाऱ्यांत बसलेली असताना त्या शाहिराला एकदाची शिक्षा देऊन टाकावी, मोकळं व्हावं, अशा अर्थाचं सहज बोलून जाते. मी एका वकीलबाईंना जेवणाच्या सुट्टीत मटार सोलताना पाहिलंय आणि तासाभराने जन्मठेप मागताना. दोन्ही वेळा त्यांचा चेहरा तोच होता. त्या वाईट नव्हत्या. मुलीच्या तापाची चौकशी त्यांनीच पहिल्यांदा केली होती, तुझ्याच. म्हणून नूतनला खलनायिका म्हटलं की आपण सुटतो असं मला वाटतं. ती कलमं वाचते त्या एकसुरी आवाजात मीही वर्षानुवर्षं वाचून दाखवलंय, आणि कोणाचं काय होतंय याचा विचार बसमध्ये चढेपर्यंत विसरलेय.

वीरा साथीदार, तो शाहीर नारायण कांबळे झालेले, 2021 ला कोविडमध्ये गेले. परत पाहताना ते सारखं मनात येत होतं.

शेवट तुला ओढूनताणून जोडल्यासारखा वाटतो. कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवतात, सिनेमा संपला असं वाटतं, आणि मग न्यायाधीश नातेवाइकांबरोबर रिसॉर्टवर. न बोलणाऱ्या मुलासाठी अंगठीचा खडा सुचवतात, बाकावर डुलकी घेतात, पोरं दचकवतात तर एकाला थप्पड. मला विचारशील तर तो भाग नसता तर मी या चित्रपटाला नुसता चांगला म्हटलं असतं. दिवे मालवल्यावर कोर्टातली माणसं घरी जातात, आणि घरीही ती निकाल देतच असतात, पुराव्याशिवाय. सुट्टीत आलीस की तेवढा भाग आपण दोघी परत लावू. तू भांड.

आगळ आणि कुळथाचं पीठ पुढच्या आठवड्यात येणाऱ्या माणसाबरोबर देते.

तुझी,
आई

ता. क. तुझ्या खात्यावर मी सारखी कोर्टकचेरीचं पाहते म्हणून तो टीव्ही आता मला रोज नवऱ्याचा खून करणाऱ्या बायकांचे चित्रपट सुचवतोय. तुझे बाबा शेजारी बसून वाचतात आणि घाबरतात. ते कसं बंद करायचं ते सांग.