व्याही, हामोन आणि तुझी रिबेरा

सेव्हिल, रविवार

प्रिय मंग्या,

फोन उचलत नाही म्हणून घातलेल्या शिव्या पोचल्या. गुडघा कुरकुरतो, बाकी बरं. लेकीचं ठरलं, फार आनंद झाला. पण व्याह्यांपुढे काळ्या लेबलाच्या हामोनबरोबर (खारवून वाळवलेली स्पॅनिश डुकराची मांडी) ओकच्या पिंपात मुरलेली लाल वाइन रिबेरा देल दुएरो उघडणार हे वाचून राहवेना.

नको रे! ‘मांस तिथे लाल वाइन’ हा तुझा हेका लोणावळ्यापासूनचा. चरबी टॅनिनला, म्हणजे लाल वाइनच्या तुरटपणाला, मऊ करते, हे स्टेकपुरतं मान्य. हामोनमध्ये मीठ आणि उमामी (ती मांसल, खमंग चव) जबरदस्त. त्यांच्यापुढे टॅनिन कडू, धातूसारखं लागतं. दोन्ही महागाच्या वस्तू एकमेकींना मारतात.

सानलूकारची मान्सानिया आण, नाहीतर हेरेसची फिनो. दोन्ही कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या शेरी. पालोमिनो द्राक्षं, 15 टक्के अल्कोहोल. पिंपात वर यीस्टचा थर धरतो, त्याला फ्लोर म्हणतात. तो हवा अडवतो आणि ग्लिसरीनही खाऊन टाकतो, म्हणून वाइन इतकी कोरडी. टॅनिन जवळपास नाहीच. चरबी साफ होते, पुढच्या घासाला जीभ तयार. शेरी म्हणजे गोड, असं म्हणशील तर तू क्रीम लिहिलेली बाटली उचलली होतीस. 7 ते 9 अंशांवर दे, पण चिमुकल्या ग्लासात नको, पांढऱ्या वाइनच्या ग्लासात. अर्धी बाटली मिळते, तीच घे. उघडलेली फ्रिजमध्येसुद्धा तीन-चार दिवसांत उतरते.

हामोन मात्र गार नको. पाकीट तासभर आधी बाहेर काढ, खोली 22-24 अंश. बेयोताच्या, म्हणजे ओकची फळं खाल्लेल्या डुकराच्या, चरबीत निम्म्याहून जास्त ओलिक आम्ल असतं, म्हणून ती लवकर पाझरते. गार असताना काप ओढलेस तर फाटतात. चरबी मऊ होऊन चकाकू लागली की काप सुटे होतात. पांढरे ठिपके दिसले तर फेकू नकोस, ते टायरोसिनचे (प्रथिनातल्या अमिनो आम्लाचे) कण आहेत, बुरशी नव्हे. आणि सील खरंच काळं, म्हणजे शुद्ध इबेरिक डुकराचं, आहे ना? लाल असेल तर डुक्कर संकरित, पण शेवटचे महिने ओकची फळं खाऊनच वाढलेलं. त्यालाही हीच वाइन. सोबत साधा पाव, लिंबू-चटणी काही नको. (वहिनींना विनंती, तुला ताकीद.)

व्याह्यांनी लालच मागितली तर बिएर्सोची कोवळी मेन्सिया (द्राक्षाचं नाव), ओक न लागलेली, 14 अंशांवर. रिबेरा नंतर कोकराबरोबर काढ, तिथे ती शोभेल. काव्हा, म्हणजे स्पेनची फेसाळ वाइन, घ्यायचीच तर ब्रूट नातूर लिहिलेली. लीटरला 3 ग्रॅमपेक्षा कमी साखर.

नव्या नोकरीचं फोनवर सांग. मान्सानिया शुक्रवारीच फ्रिजमध्ये टाक, फ्रीजरमध्ये नव्हे.

तुझा,
बाप्या