गोंगाट कुठला, ते मला ठरवू दे

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी तू गोंगाटातून बोलणं वेगळं काढायचा विषय घेतलास, हे वाचून फार आनंद झाला. माझ्या कॉक्लियर इम्प्लांटमुळेच, म्हणजे कानात बसवलेल्या, ऐकण्याच्या नसेला विजेचे इशारे देणाऱ्या यंत्रामुळेच घेतलास, हे तू लिहिलं नाहीस तरी कळलं. म्हणून वापरणारीच्या बाजूने लिहिते.

शांत खोलीत मला आता सगळं कळतं, फोनवरसुद्धा. अडतं ते लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर. चांगल्या कानात मेंदूकडे आवाज पोचवणाऱ्या आतल्या केसपेशी साडेतीन हजारांच्या आसपास असतात. माझ्याकडे त्यांचं काम 22 इलेक्ट्रोडवर आहे. त्यातही शेजारच्या इलेक्ट्रोडांचा प्रवाह कानातल्या द्रवात पसरून एकमेकांत मिसळतो. तुम्ही सहज बाजूला सारता ते आवाज माझ्याकडे बोलण्यात कालवूनच येतात. निवडणं व्हायचं ते त्याआधी, आवाज टिपून इलेक्ट्रोडकडे पाठवणाऱ्या बाहेरच्या प्रोसेसरमध्येच व्हायला हवं. एआयवर माझा भरवसा आहे तो इथेच.

तू पाठवलेला ओहायो स्टेट विद्यापीठातल्या डीलियांग वांग आणि सहकाऱ्यांचा 2013 चा लेख सावकाश वाचला. आवाजाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येकात बोलणं जास्त की गोंगाट हे न्यूरल नेटवर्कने ओळखायचं आणि गोंगाटाचे तुकडे टाकून द्यायचे. कमी ऐकू येणाऱ्यांना त्यामुळे वाक्यं कितीतरी जास्त कळली. वांग यांच्या आईलाही ऐकू येईनासं झालं होतं, हे तू सांगितलंस तेव्हा गलबलून आलं.

पण त्या प्रयोगात कुठलं बोलणं ऐकायचं हे आधीच ठरलेलं होतं. पंगतीत समोर मावशी बोलत असते आणि मागून आजोबा हाक मारतात. यंत्राने मावशीचा आवाज ठेवून बाकीचे पुसले, तर हाक गेली. गोंगाटात ती निदान अर्धवट येते, मी वळून बघते. पुसलेल्या हाकेकडे कशी वळणार? माझ्या प्रोसेसरमधली साधी सफाईसुद्धा एकसुरी आवाज म्हणजे गोंगाट असंच धरते, आणि पंख्याबरोबर तंबोराही दाबते. भजनाला बसले की मी ती बंदच करते. ते बटण आहे म्हणून बरं.

तेव्हा सफाई किती हवी, हे कमी-जास्त करणं माझ्या हातात राहू दे. मॅपिंगचंही, म्हणजे कुठल्या इलेक्ट्रोडला किती प्रवाह द्यायचा ते बसवण्याचंही तसंच. अँटवर्पला पॉल गोव्हार्ट्स यांच्या गटाने केलेली 'फॉक्स' प्रणाली चाचण्यांवरून मॅपमधले बदल सुचवते. चांगलंच आहे, पण बदलानंतर कसं वाटतं हे ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे यंत्र जुळवून देणाऱ्या श्रवणतज्ज्ञाने मला विचारलंच पाहिजे.

आणि सफाई करताना आवाज पोचायला उशीर फार होऊ देऊ नकोस. मी ओठही वाचते. आवाज मागे पडला की दोन्ही हातचं जातं.

दिवाळीला येताना नमुने लॅपटॉपवर आण. वाक्यं मराठी घे, आवाज आत्याचा, आजोबांचा, शेजारच्या पोरांचाही हवा. मी ऐकून खरं काय ते सांगेन, तुला वाईट वाटलं तरी.

तुझी,
आई