तुटक बोलणाऱ्याला वेळ द्या

महोदय,

पक्षाघातानंतर ‘मी... उद्या... डॉक्टर... मुलगा’ असे तुटक बोलणाऱ्याशी लोक उगाच मोठ्याने, लहान मुलाशी बोलावे तसे बोलतात. त्याची चीड येते. मेंदूच्या डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागाला इजा झाली की नामे बहुधा टिकतात. प्रत्यय आणि क्रियापदांची रूपे गळतात. या भागाचा वाचेशी असलेला संबंध फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्येच दाखवला होता! रुग्णाला समजते बरेच. ‘वाघाला सिंहाने मारले’ अशा वाक्यात मात्र कोणी कोणाला मारले, याचा गोंधळ होऊ शकतो. तेव्हा छोटी, सरळ वाक्ये बोला आणि त्याचे वाक्य आपणच पुरे करू नका (घरच्यांना हेच जड जाते). वाचा-उपचार उशिरा सुरू केले तरी उपयोग होऊ शकतो.

– एक वाचक