आधी काम, मग करार

खानापूर

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात तुला काम मिळालं म्हणून आजीनं गल्लीभर कुंदा वाटला. ‘बर्फाची नोकरी’ एवढंच तिला कळलंय, तेवढंच राहू दे.

इतके देश अंटार्क्टिकावर गुण्यागोविंदानं नांदतात, मग आपल्या सीमाभागातच का जमत नाही, असं तू फोनवर विचारलंस. जमलं ते एका रात्रीत नव्हे. पूर्वी कोण जास्त उत्तरेला पोचतो याचीच चढाओढ. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आरमारातला कार्ल वायप्रेख्त स्वतः बर्फात अडकून आला आणि म्हणाला, शर्यत पुरे, सगळ्यांनी एकाच वेळी मोजमापं घ्या. तो १८८१ साली वारला. पुढच्याच वर्षी दहा-बारा देशांनी ध्रुवांकडं मोजमापांसाठी तळ टाकले. महिन्याच्या १ आणि १५ तारखेला चुंबकसुईची नोंद दर पाच मिनिटांनी, तीही सगळीकडं जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनच्या वेळेनं! त्यातल्याच अमेरिकेच्या, ग्रीली नावाच्या अधिकाऱ्याच्या तुकडीतल्या २५ जणांपैकी सहाच घरी परतले, बहुतेक उपासमारीनं गेले. नोंदवह्या मात्र त्यांनी जपल्या.

मग १९५७-५८चं आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष, म्हणजे देशोदेशींनी मिळून पृथ्वीची मोजमापं घेण्याचा कार्यक्रम. भर शीतयुद्धात अमेरिका आणि रशिया अंटार्क्टिकावर एकाच कार्यक्रमात राबले, आणि त्यानंतर १९५९ साली अंटार्क्टिका करार झाला. काम आधी, कागद नंतर. चौथं कलम नीट वाच: सात देशांचे दावे, त्यातही ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली एकाच तुकड्यावर बसलेले. दावा कुणी सोडला नाही, कुणाला तो मान्य करावाही लागला नाही. आपलं ‘भारती’ केंद्र ऑस्ट्रेलिया आपली म्हणते त्या जमिनीवर आहे, ‘मैत्री’ नॉर्वेच्या. भाडं कोण मागतंय?

पण हे कलम उचलून बेळगावला लावू नकोस. अंटार्क्टिकावर मूळची वस्तीच नाही. शाळा कुठल्या माध्यमाची, उतारा कुठल्या भाषेत, हे पेंग्विनला कोण विचारणार? आपला वाद १९५६पासून माणसांच्या घरातून जातोय. बाजारात भाव आम्ही दोन्ही भाषांत करतोच, पण तेवढ्यानं मुलाचा दाखला मराठीत मिळत नाही.

तुझ्या केंद्रात कन्नड मुलंही असतील. त्यांच्याशी नोंदवहीवरून भांड, सीमेवरून नको.

येताना चोर्ल्यावरून येऊ नकोस, पावसात त्या घाटाचा भरवसा नाही. रेल्वेनं ये. लोंढ्याला घ्यायला येतो.

तुझे,
बाबा