शंभर रुपये कमी करायला उभे राहा

मा. आमदार महोदय,
सप्रेम नमस्कार.

विधानसभेतलं तुमचं परवाचं भाषण मोबाइलवर पाहिलं. कार्यकर्त्यांनी तीन ग्रुपवर टाकलं होतं, त्यामुळे न बघून सुटका नव्हती. सात मिनिटांत तुम्ही दोन पूल, ग्रामीण रुग्णालयाचा विस्तार, उपसा योजनेचे पंप आणि क्रीडासंकुल, एवढं सगळं मागितलंत. बोललात झकास. पण माझी उभी नोकरी सरकारी लेखा शाखेत गेली, त्यामुळे कान वेगळ्याच गोष्टीकडे लागतात. जे मागितलंत, त्यातलं काहीही देणं त्या सभागृहाच्या हातात नव्हतं.

राज्यघटनेचं कलम २०३ काढून बघा. अनुदानाची मागणी, म्हणजे एखाद्या विभागाच्या खर्चासाठी सभागृहाकडे मागितलेली रक्कम, राज्यपालांच्या शिफारशीशिवाय सभागृहात येत नाही, म्हणजे व्यवहारात ती मंत्रिमंडळाकडूनच येते. विधानसभा ती मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवायची मुभा नाही, रुपयाचीसुद्धा नाही. तरी अनुदानाच्या मागण्यांवर बोलायला उठलेला आमदार आणखी द्या, आणखी द्या हेच सांगत राहतो. कपात सूचना, म्हणजे मागणीतून अमुक रक्कम कमी करा असा प्रस्ताव, हे खरं हत्यार. ते बहुतेकदा द्यायचं म्हणून दिलं जातं आणि कागदावरच गंजतं.

पूल मागितल्याशिवाय निवडून येता येत नाही, हे मला कळतं. मलाही तो पूल हवाय. पावसाळ्यात वळसा मीच घालतो. पण पुलाचे पैसे ठरतात ते विभागांचे अंदाज वित्त विभागात चाळले जातात तेव्हा, म्हणजे अर्थसंकल्प छापून येण्याच्या कितीतरी आधी. त्या दिवसांत तुम्ही लग्नसराईत असता. नंतर गळ घालून जे पदरात पडतं, ती टोकन तरतूद. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात कामाचं नाव, पुढे नाममात्र रक्कम. तेवढ्यावर फ्लेक्स लागतो, नारळ फुटतो, आणि ठेकेदार बिलासाठी खेटे घालत बसतो. अशी बिलं ‘तरतूद उपलब्ध नाही’ असा शेरा मारून मी माझ्या हाताने परत पाठवली आहेत. एकदा एक ठेकेदार माझ्या टेबलासमोर काही न बोलता बराच वेळ नुसता बसून राहिला होता. त्याला काय सांगणार?

आणि सध्याचे दिवस तर फारच ओढगस्तीचे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी धरली होती आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी. म्हणजे रोजचा गाडा ओढायलाच ४५ हजार ८९१ कोटी कमी. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज आधी वजा होतं. (माझं निवृत्तिवेतनही त्यातच आहे, हे कबूल.) व्याज तर भारित खर्चात मोडतं, त्यावर तुमचं मतच घेतलं जात नाही. तुमच्या मताला उरतो तो दत्तमत भाग, आणि त्यातल्याही कितीतरी मागण्या शेवटच्या दिवशी गिलोटिनखाली चर्चेविना पार होतात.

तरीही पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेला वाढीव खर्च, येतातच. २०२४ मध्ये २८ जूनला अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्याच अधिवेशनात, जुलैमध्ये, ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. घरातल्या बाईने महिन्याचा हिशेब लिहावा आणि दहा दिवसांत नवी यादी पुढे करावी, तर आपण तिला चार प्रश्न विचारू. तुम्ही किती विचारलेत?

मे २०२५ मधली गोष्ट तर मला अजून टोचते. लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी बोलून दाखवली. त्या दीड हजाराला माझा विरोध नाही; आमच्या गल्लीतल्या बायकांना त्याचा आधार आहे. पण पैसे एका लेखाशीर्षातून, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या खात्यातून, निघतात तेव्हा तिथे भोक पडतंच. ते कुठे पडलं? वसतिगृहाच्या जेवणात, शिष्यवृत्तीत, की कधीच खर्च होणार नव्हत्या अशा रकमेत? यातलं तिसरं उत्तर असेल, तर ते पहिल्या दोनांइतकंच वाईट.

म्हणून एक करा. सगळ्या विभागांवर बोलू नका. एकच विभाग घ्या, त्यातली पाच-सहा लेखाशीर्षं घ्या. पुस्तकात मागचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने शेजारी शेजारी असतात. जिथे दरवर्षी शंभर धरतात आणि चाळीस खर्चतात, तिथे पेन्सिलीने खूण करा. मग त्या मागणीवर शंभर रुपयांची, म्हणजे नाममात्र, तक्रार नोंदवण्यापुरती कपात सूचना द्या. ती हरेल, सरकार पडणार नाही, तुमचे पक्षश्रेष्ठीही फार तर भुवया उंचावतील. तुम्ही सत्ताधारी बाकांवर असल्याने हे अवघड जाईल, याची कल्पना आहे. सूचना देववत नसेल तर तोच प्रश्न चर्चेत विचारा. मंत्र्यांना त्या एका आकड्यावर उत्तर द्यावं लागलं आणि ते कार्यवाहीत नोंदलं गेलं, की पुढच्या वर्षी तोच आकडा टाकताना विभागाचा हात थोडा अडखळतो. टेबलाच्या त्या बाजूला मी बसलेलो आहे, म्हणून सांगतो. सभागृहातल्या आरडाओरड्याने आमच्या कार्यालयात कधी फाइल हलली नाही. नेमका प्रश्न आला की मात्र रात्री दहापर्यंत दिवे चालू असायचे.

येत्या रविवारी तुमच्या जनता दरबारात नंबर लावणार आहे. निवेदन आणणार नाही. पुस्तकातली तीन पानं आणीन, खुणा केलेली. तुमच्या पीएंना तेवढं सांगून ठेवा, नाहीतर ते ती पानं निवेदनांच्या गठ्ठ्यात ठेवतील आणि मला पोच देऊन मोकळे होतील.

आपला,
मतदारसंघातला एक निवृत्त लेखापाल